पुल-डाउनमध्ये पट्टी दिसते, पानातल्या प्रयोगात दिसत नाही: दोन प्रथिनांचे संकुल खरे मानावे का?

प्रश्न: ऊसपान, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात वनस्पती-जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. उसाला पाण्याचा ताण बसला की पानात ज्यांचे प्रमाण वाढते अशा दोन प्रथिनांवर माझा प्रबंध आहे. काम अजून प्रसिद्ध झालेले नसल्यामुळे त्यांना इथे ‘अ’ आणि ‘ब’ एवढेच म्हणते. ‘अ’ सुमारे १७ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) असून त्यात आरएनएला धरणारा एक भाग आहे. ‘ब’ सुमारे ३४ किलोडाल्टनचे आहे आणि त्याचे कार्य अजून नीट कळलेले नाही.

दोन्ही जनुके मी ई. कोलायमध्ये घातली, ‘अ’ला जीएसटी या प्रथिनाचा टॅग, म्हणजे पकडायला सोपी अशी खूण, जोडला आणि ‘ब’ला सहा हिस्टिडिनांचा. जीएसटी-अ, जीएसटीला धरणाऱ्या ग्लुटाथायोनच्या बीड्सवर (बारीक मण्यांवर) बसवून त्यावर ‘ब’ असलेले जिवाणूंचे लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा रस, सोडले, तीन वेळा धुतले आणि प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर घेतले. हिस्टिडिन टॅगच्या अँटिबॉडीने ३४ किलोडाल्टनला ठसठशीत पट्टी दिसली. नुसता जीएसटी असलेल्या बीड्सवर काहीही दिसले नाही. हा पुल-डाउन प्रयोग चार वेळा केला आणि चारही वेळा तेच आले.

या आधारावर लिहिलेला लेख एका नियतकालिकाकडून परत आला. परीक्षकांचे म्हणणे एका वाक्याचे होते: यावरून ही प्रथिने पेशीत एकत्र येतात हे सिद्ध होत नाही. पुढे काय करावे, हे त्यांनी लिहिलेले नव्हते. म्हणून मी उसाचे पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटून, रिपा बफरमध्ये अर्क काढून, ‘अ’विरुद्ध सशात तयार केलेल्या अँटिबॉडीने इम्युनोप्रेसिपिटेशन केले, म्हणजे ‘अ’ला बीड्सवर ओढून सोबत ‘ब’ येते का ते पाहिले. मूळ अर्कात ‘ब’ फिकट का होईना दिसते, बीड्सवर मात्र दिसत नाही. दोनदा केले, दोन्ही वेळा नाही.

आता कोणत्या प्रयोगावर विश्वास ठेवावा, हे मला कळत नाही. आमच्याकडे पीसीआर, जेल, वेस्टर्न ब्लॉट (जेलवरचे प्रथिन अँटिबॉडीने शोधण्याची पद्धत), शीत सेंट्रीफ्यूज आणि साधा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक आहे. कॉन्फोकल नाही आणि प्रथिनांचा बंध थेट मोजणारी यंत्रे नाहीत. एवढ्यात काय करता येईल, हे कृपया सांगावे.

उत्तर: रंकाळाकाठ

ताई, सर्वप्रथम एक गोष्ट मनातून काढून टाका की तुमचे दोन प्रयोग एकमेकांच्या विरोधात आहेत. ते दोन वेगळे प्रश्न विचारतात. पुल-डाउन विचारते की ही दोन प्रथिने भरपूर प्रमाणात एका नळीत ठेवली तर एकमेकांना धरू शकतात का. इम्युनोप्रेसिपिटेशन विचारते की पान कुटून, बफरमध्ये मिसळून, तासभर फिरवून आणि धुऊन झाल्यावरही डोळ्यांना दिसेल इतके संकुल शिल्लक राहते का. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ येणे अगदी शक्य आहे, आणि त्यामागचा हिशोब सोपा आहे.

समजा या जोडीचा केडी, म्हणजे ‘ब’च्या ज्या तीव्रतेला निम्मे ‘अ’ व्यापलेले असते ती तीव्रता, १० मायक्रोमोलर आहे. तुमच्या नळीत मुक्त ‘ब’ २० मायक्रोमोलर असेल, तर ‘अ’पैकी २० भागिले ३०, म्हणजे सुमारे ६७ टक्के जोडीत असेल. पानाच्या पेशीत मुक्त ‘ब’ १ मायक्रोमोलर असेल, तर १ भागिले ११, म्हणजे सुमारे ९ टक्के. पान कुटून अर्क काढताना पेशीतला रस शंभर पटीने पातळ झाला असे धरले, तर उरतो हजारात एक. म्हणजे जिवंत पानात दर अकरा ‘अ’पैकी एक ‘अ’ ‘ब’च्या सोबत होता, तरी तुमच्या बीड्सवर त्यातले जवळजवळ काही पोहोचत नाही. अशी सैल प्रथिन-संकुले पेशीत टिकतात ती दाटीच्या बळावर, आणि अर्क काढताना आपण पहिल्यांदा तीच दाटी घालवतो.

त्यात तुम्ही रिपा वापरला आहे. त्या बफरमध्ये डीऑक्सिकोलेट असते आणि ०.१ टक्का एसडीएसही असते; ही साबणासारखी रसायने आहेत. पट्ट्या स्वच्छ दिसाव्यात म्हणून तो चांगला, पण हलक्या हाताने धरलेली जोडी त्यात सुटते. साधा ट्रिस बफर, १०० ते १५० मिलिमोलर मीठ आणि अर्धा टक्का एनपी-४० हा सौम्य साबण एवढ्यावर एकदा करून पाहा, आणि बफर कमीत कमी वापरा. शिवाय उलट बाजूनेही करा, म्हणजे ‘ब’ची अँटिबॉडी वापरून ‘अ’ शोधा. ‘अ’ची अँटिबॉडी नेमकी जिथे बसते तिथेच ‘ब’ बसत असेल, तर तुमची अँटिबॉडीच ‘ब’ला हुसकावून लावत असेल.

आता पुल-डाउनकडे येतो, कारण माझी खरी शंका तिथे आहे. १० मायक्रोमोलर केडीची जोडी साधारणपणे सेकंदाच्या दहाव्या भागातच सुटते. पाच-पाच मिनिटांच्या तीन धुण्यांतून ती टिकायला नको. तुमची पट्टी चारही वेळा ठसठशीत टिकली आहे. म्हणजे एक तर हा बंध चांगला घट्ट आहे, किंवा त्याला कोणाचा तरी टेकू आहे. टेकू देणारे दोन उमेदवार मला दिसतात.

पहिला स्वतः जीएसटी. सुमारे २६ किलोडाल्टनचे हे प्रथिन एकटे राहत नाही, त्याची जोडीच असते. त्यामुळे तुमच्या बीडवर दोन-दोन ‘अ’ शेजारीशेजारी बसलेले आहेत. ‘ब’सुद्धा जोडीने राहणारे असेल, तर दोन्ही हातांनी धरल्यासारखा बंध तयार होतो आणि तो एका हाताच्या बंधापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. नुसत्या जीएसटीचा कंट्रोल, म्हणजे तुलनेची नळी, हे पकडू शकत नाही, कारण तिथे धरायला ‘अ’ नसते. टॅगची अदलाबदल करा, म्हणजे जीएसटी ‘ब’ला आणि हिस्टिडिन ‘अ’ला, आणि मग पाहा.

दुसरा उमेदवार आरएनए, आणि तुम्ही स्वतःच त्याचे नाव घेतले आहे. ‘अ’ आरएनएला धरते. तुम्ही ‘ब’ शुद्ध न करता लायसेट म्हणून सोडले, आणि ई. कोलायचे लायसेट आरएनएने गच्च भरलेले असते. ‘ब’ही आरएनएला चिकटत असेल, तर दोघे एकमेकांना न शिवता एकाच धाग्यात ओवल्यासारखे बीडवर येतील. जेलवर ही पट्टी थेट बंधाच्या पट्टीसारखीच दिसते. एसडीएसमध्ये उकळल्यावर मधला धागा कुठेच दिसत नाही.

हे तपासायला कोणतेही मोठे यंत्र लागत नाही. शुद्ध केलेल्या जीएसटी-अचे २६० आणि २८० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचे वाचन घ्या. निव्वळ प्रथिनाचे गुणोत्तर ०.६च्या आसपास असते. ते १च्या वर गेले असेल, तर तुमच्या प्रथिनासोबत न्यूक्लिक आम्ल आले आहे. मग बीड्स दोन नळ्यांत वाटा: एकीत आरनेज-ए हे आरएनए तोडणारे विकर घाला, दुसरीत तेवढाच बफर, आणि दोन्ही सारख्याच तापमानाला अर्धा तास ठेवा. हे ‘सारख्याच तापमानाला’ विसरू नका, नाहीतर पट्टी आरनेजमुळे गेली की अर्धा तास बाहेर राहिल्यामुळे, हे सांगता येणार नाही.

उत्तर: दूधकट्टा

मी दुग्धतंत्रज्ञानात काम करतो, त्यामुळे उसाबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही; पण प्रथिनांच्या खोट्या आणि खऱ्या जोड्यांशी माझा रोज संबंध येतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध घेतले आणि तेच दूध घरी तापवले, तर त्यातल्या प्रथिनांची रचना बदललेली असते. दूध चांगले तापले की बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडते, त्याच्या आत दडलेले सिस्टीनचे गंधक उघडे पडते, आणि ते कॅपा-केसीनशी गंधक-गंधक बंधाने कायमचे जोडले जाते. दह्याच्या घट्टपणात या जोडीचा मोठा वाटा असतो, म्हणून आम्ही ती मुद्दाम घडवून आणतो. धारोष्ण दुधात मात्र ती जवळजवळ नसते.

तुमच्यासाठी मुद्दा असा. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात सिस्टीन आहेत का, हे क्रम पाहून सांगा. पेशीच्या आतल्या वातावरणात सिस्टीन सहसा मोकळे राहतात. नळीत काढून हवेत फिरवत ठेवले की ते एकमेकांना पकडू लागतात. जेलच्या बफरमध्ये मरकॅप्टोइथेनॉल असल्यामुळे हा बंध उकळताना तुटतो आणि तुम्हाला ‘ब’ची निरागस ३४ची पट्टी दिसते. तोच नमुना मरकॅप्टोइथेनॉल न घालता एकदा चालवा. पट्टी ३४ची जागा सोडून बरीच वर गेली, तर तो बंध नळीत तयार झाला असण्याची शंका घ्या. पुढच्या वेळी बांधणीच्या बफरमध्ये १ मिलिमोलर डीटीटी ठेवा, ते असे गंधकाचे बंध होऊ देत नाही.

उत्तर: शेंडा-वाढा

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण एक प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही आणि उसाच्या बाबतीत तो सर्वांत आधी विचारायला हवा होता: ‘अ’ आणि ‘ब’ पानातल्या एकाच पेशीत असतात का?

ऊस ही सी-४ वनस्पती आहे. किंबहुना सी-४ हा प्रकाशसंश्लेषणाचा मार्ग उलगडला तोच उसावर. हवाईत कोर्टशाक आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसाच्या पानात कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात जातो हे मांडले. त्यासाठी पानात दोन प्रकारच्या पेशींनी काम वाटून घेतलेले असते. कार्बन आधी पकडणारे पीईपी कार्बोक्झिलेज हे विकर मेसोफिल पेशींत असते आणि तो पुढे साखरेकडे नेणारे रुबिस्को हे विकर शिरेभोवतीच्या बंडल शीथ पेशींत. जिवंत पानात ही दोन विकरे कधीही एकमेकांसमोर येत नाहीत. तुम्ही नायट्रोजनमध्ये पान कुटले की त्या क्षणी ती एका नळीत येतात. त्या नळीत दोघांची गाठ पडलेली दिसली, तर तिला उसाच्या दृष्टीने काहीही अर्थ नसतो. म्हणून तुमच्या पानातल्या प्रयोगात उद्या पट्टी आली, तरी हुरळून जाऊ नका.

या पेशी वेगळ्या करणे वाटते तितके अवघड नाही. कोवळ्या पानाचे बारीक तुकडे थंड बफरमध्ये मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवले की पातळ भिंतीच्या मेसोफिल पेशी आधी फुटतात. बंडल शीथच्या भिंती जाड असल्यामुळे त्या शिरेला धरून राहतात. जाळीवर गाळले की वर हिरव्या दोऱ्यांसारखे धागे उरतात आणि खाली मेसोफिलचा रस जातो. सूक्ष्मदर्शकाखाली ते धागे पाहिले की शिरेच्या दोन्ही बाजूंना दाट हिरव्या पेशींची रांग चिकटलेली स्पष्ट दिसते. धागे दोन-तीन वेळा फिरवून धुवा. मग दोन्ही भागांचे वेस्टर्न करा. पीईपी कार्बोक्झिलेजची पट्टी साधारण ११० किलोडाल्टनला येते, रुबिस्कोच्या मोठ्या उपघटकाची ५५च्या आसपास. या दोन पट्ट्यांवरून तुमचे वेगळे करणे किती स्वच्छ झाले ते कळेल, आणि त्याच ब्लॉटवर ‘अ’ आणि ‘ब’ कुठे आहेत तेही. एक सावधगिरी: इम्युनोप्रेसिपिटेशनच्या ब्लॉटवर अँटिबॉडीची जड साखळी ५०ला येते, तेव्हा तिथे तिची रुबिस्कोशी गल्लत करू नका.

दोन्ही एकाच पेशीत निघाली, तर कुटण्याआधी जोडी पक्की करून घेण्याचा मार्ग आहे. पानाचे तुकडे १ टक्का फॉर्मल्डिहाइडमध्ये निर्वातात दहा मिनिटे ठेवायचे, ग्लायसिनने ते थांबवायचे आणि मग अर्क काढायचा. फॉर्मल्डिहाइड अगदी अंगाला अंग लागलेल्या रेणूंनाच जोडते. मात्र वेळ वाढवली की ते शेजारपाजारच्या सर्वांना जोडत सुटते, म्हणून दहा मिनिटांच्या पलीकडे जाऊ नका.

सूक्ष्मदर्शक आहे म्हणून कोणी तुम्हाला दुभंगलेल्या वायएफपीची, म्हणजे पिवळ्या चमकणाऱ्या प्रथिनाची, पद्धत सुचवेल. तिच्यात दोन प्रथिनांना वायएफपीचे एकेक अर्धुक जोडतात आणि ती जवळ आली की पेशी चमकते. चित्र फार देखणे येते. पण ती दोन अर्धुके एकदा जुळली की पुन्हा सुटत नाहीत, त्यामुळे वाटेत क्षणभर भेटलेली प्रथिनेही कायमची जोडी म्हणून दिसतात. ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकराची अशीच दुभंगलेली जोडी सुटू शकते, म्हणून मला ती जास्त प्रामाणिक वाटते. पुढे कधी सोय झाली, तर टर्बोआयडीचा विचार करा. २०१८ मध्ये आलेले हे विकर ‘अ’ला जोडले, की ते साधारण १० नॅनोमीटरच्या परिसरातल्या प्रथिनांवर बायोटिनची खूण करते. मग पेशी कितीही निर्दयपणे फोडली तरी चालते, कारण भेटीची खूण आधीच उमटलेली असते.

ऊसपान, कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण सांगितलेले प्रयोग करूनच लिहायचे असे ठरवले होते. मध्ये एका दुपारी वीज गेल्यामुळे एक पूर्ण खेप वाया गेली, ती पुन्हा केली.

जीएसटी-अचे २६० आणि २८०चे गुणोत्तर १.४ आले. हे वाचन मी दोन वर्षांपूर्वीच घेतले असते, तर बरेच काही वाचले असते. आरनेज घातल्यावर ३४ची पट्टी खूपच फिकी झाली, पण पूर्ण गेली नाही; आरनेजशिवाय तेवढाच वेळ ठेवलेल्या नळीत ती जशीच्या तशी होती. त्यानंतर दोन्ही प्रथिने आरनेज देऊन, जास्त मिठात धुऊन, नव्याने शुद्ध केली. आता १५० मिलिमोलर मिठात फिकी पट्टी दिसते आणि ३०० मिलिमोलरला ती जाते. टॅगची अदलाबदल करूनही हेच आले. मरकॅप्टोइथेनॉलशिवाय चालवलेल्या जेलवर पट्टी ३४लाच राहिली, म्हणजे गंधकाचा बंध नसावा.

पेशी वेगळ्या केल्या. रुबिस्को आणि पीईपी कार्बोक्झिलेज यांच्या पट्ट्या बऱ्यापैकी वेगळ्या पडल्या. ‘अ’ दोन्हींकडे आहे. ‘ब’ जवळजवळ सगळे मेसोफिलमध्ये आहे. म्हणजे भेट होत असेल तर ती मेसोफिलमध्येच होऊ शकते, आणि बंडल शीथमधल्या ‘अ’चे काम काहीतरी वेगळे असणार. फॉर्मल्डिहाइड दिल्यावर पानातल्या अर्कात प्रथमच ‘अ’सोबत ‘ब’ची पट्टी दिसली.

आता एक नवा प्रश्न. क्रमावरून प्रथिनांच्या रचनेचा अंदाज करणाऱ्या अल्फाफोल्ड ३च्या सर्व्हरवर दोन्ही क्रम टाकले, तर आयपीटीएम, म्हणजे दोघांच्या मांडणीवरच्या भरवशाचा शून्य ते एकमधला आकडा, ०.५८ आला. मार्गदर्शक म्हणतात की यावरून थेट बंध नाही असे समजावे. तसे समजावे का? आणि आरएनएमुळे जोडी जुळते असे निघाले, तर माझ्या प्रबंधातला मुख्य दावाच कोसळतो का?

उत्तर: रंकाळाकाठ

ताई, तुम्ही फार व्यवस्थित काम केले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याची काळजी तुम्हाला जास्त लागलेली दिसते.

दावा कोसळत नाही, त्याचे शब्द बदलतात. आरएनएभोवती जमलेली प्रथिने हेही संकुलच आहे. ज्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ मध्ये रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना नोबेल मिळाले, त्यातली कितीतरी प्रथिने एकमेकांपेक्षा आरएनएलाच अधिक धरून बसलेली आहेत, आणि त्याला कोणी खोटे संकुल म्हणत नाही. तुम्ही पूर्वी ‘अ आणि ब थेट जुळतात’ असे लिहिले होते. आता ‘अ आणि ब एकाच आरएनए-प्रथिन संकुलात असतात आणि त्यांच्यात क्षीण थेट बंधही आहे’ असे लिहाल. दुसरे विधान अधिक नेमके आहे, आणि पाण्याच्या ताणात वाढणाऱ्या आरएनए-बंधक प्रथिनाबद्दल ते अधिक काही सांगते. फक्त ई. कोलायमध्ये चिकटलेला आरएनए जिवाणूचा होता, हे विसरू नका. उसाच्या पेशीत तो कोणता आहे, ते अजून शोधायचे आहे. फॉर्मल्डिहाइड दिलेल्या अर्कातही आरनेजची नळी लावा, म्हणजे पानातल्या जोडीत आरएनए आहे की नाही ते कळेल.

अल्फाफोल्डबद्दल सांगायचे, तर आयपीटीएम ०.८च्या वर असला की मांडणीवर भरवसा ठेवता येतो आणि ०.६च्या खाली असला की ती मांडणी बहुधा चुकलेली असते. तुमचा आकडा सीमेच्या जरासा खाली आहे. त्यावरून ‘ही मांडणी मानू नका’ एवढे म्हणता येते. ‘बंध नाही’ हे त्यातून निघत नाही. शिवाय तुमच्या जोडीत आरएनएचा भाग मोठा आहे आणि तुम्ही आरएनए दिलेलाच नाही. त्याच सर्व्हरवर आरएनएचा क्रम देता येतो. ‘अ’ला धरवेल असा छोटा तुकडा घालून पुन्हा चालवा, वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे सुरुवातीच्या यादृच्छिक आकड्यावर, पाच-सहा वेळा चालवा, आणि आकड्यापेक्षा हे पाहा की प्रत्येक वेळी दोघांचे तेच पृष्ठभाग समोरासमोर येतात का.

ते येत असतील, तर पुढचा प्रयोग तुमच्याकडच्या पीसीआरवरच होतो. तुमचा थेट बंध ३०० मिलिमोलर मिठात सुटतो, म्हणजे त्यात धन-ऋण भारांचा मोठा हात आहे. समजा मांडणीत ‘अ’चे एक आर्जिनिन (धन भाराचे अमिनो आम्ल) ‘ब’च्या एका ग्लुटामेटसमोर (ऋण भाराच्या) दिसते. ‘अ’मध्ये त्या आर्जिनिनच्या जागी ग्लुटामेट बसवा, पट्टी जायला हवी. मग ‘ब’मध्ये त्या ग्लुटामेटच्या जागी आर्जिनिन बसवा, बदललेले ‘अ’ आणि बदललेले ‘ब’ एकत्र ठेवल्यावर पट्टी परत यायला हवी. नुसती पट्टी गेली, तर प्रथिनाची घडीच मोडली असेल अशी शंका राहते. ती परत आली, तर ही शंका उरत नाही. मात्र हा प्रयोग आरनेज दिलेल्या प्रथिनांवरच करा, आणि आर्जिनिन निवडताना ते आरएनए धरणाऱ्या भागातले नाही ना, हे आधी पाहा. तिथे आर्जिनिन बरीच असतात आणि तो भार उलटवला तर आरएनएही सुटेल, मग पट्टी कशामुळे गेली ते सांगता येणार नाही.

उत्तर: शेंडा-वाढा

एक छोटी भर. फॉर्मल्डिहाइड दिलेल्या अर्कात पट्टी दिसली म्हणता, त्याच प्रयोगात बंडल शीथचे धागे वेगळे घेऊन कंट्रोल म्हणून लावा. तिथे ‘अ’ आहे आणि ‘ब’ जवळजवळ नाही, त्यामुळे तिथे पट्टी यायला नको. आली, तर फॉर्मल्डिहाइडचा वेळ पाच मिनिटांवर आणा. आणि ताण दिलेल्या उसाबरोबर नियमित पाणी दिलेल्या उसाचे पानही त्याच दिवशी, त्याच वेळी कापून नायट्रोजनमध्ये ठेवा, कारण परीक्षक पुढच्या खेपेला हेच विचारतील की ही जोडी ताणामुळे वाढते का, आणि तोवर शेतातला ऊस तोडणीला गेलेला असेल.